वीसची बेरीज: 'म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स'ची तिसरी आवृत्ती टेबलावर कशी चालते

सुपरहीरोंचा रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन फाशांच्या जोरावर मिळून खेळायची गोष्ट, चालवायला घेतला की पहिल्याच बैठकीला एक पेच पडतो. एकाला डोंगर उचलणारा हीरो हवा असतो. दुसरीला कसलीच अचाट शक्ती नको असते, तिला नुसती चपळाई आणि डोकं हवं असतं. या दोघांना एकाच रात्री, एकाच गोदीत, एकाच खलनायकासमोर उभं करायचं आणि चार तास दोघांच्याही हाताला काम द्यायचं. कॉमिकमध्ये हे लेखक सांभाळून घेतो. टेबलावर प्रत्येकाच्या हातात फासा असतो आणि फासा कुणाचं मन राखत नाही.

मी डोंबिवलीला राहते, एका कंपनीत कॉस्टिंगचं काम करते आणि रविवारी दुपारी घरी गेम चालवते, म्हणजे जीएम असते. आमच्या टेबलावर माझी कॉलेजात जाणारी भाची आहे, ऑफिसातला एक सहकारी आहे, एक जुनी मैत्रीण आहे आणि शेजारचे निवृत्त काका आहेत. या मंडळींबरोबर सुपरहीरोंचे बरेच गेम खेळून झाले. त्यातला जो आम्ही सोडला नाही तो 'म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स', आणि त्याचं कारण एकच आहे. ताकद कमी-जास्त असलेल्या हीरोंना एका टेबलावर बसवण्याचा यातला नियम मला माहीत असलेल्या सगळ्या गेममध्ये सर्वांत समजूतदार आहे. त्याला दोन मोठी भोकंही आहेत. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण पुस्तक घेणाऱ्याला ती आधी ठाऊक असायला हवीत.

आधी पुस्तकाविषयी थोडं. 'म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स' पहिल्यांदा २००२ साली ग्रीन रोनिन या अमेरिकन प्रकाशनाने काढला. त्याचा रचनाकार स्टीव्ह केनसन. दुसरी आवृत्ती २००५ची. तिसऱ्या आवृत्तीचे नियम आधी २०१० मध्ये डीसीच्या, म्हणजे सुपरमॅन-बॅटमनवाल्या कॉमिक कंपनीच्या हीरोंसाठी निघाले आणि २०११ मध्ये 'हीरोज हँडबुक' या नावाने स्वतंत्र पुस्तक आलं. मी परीक्षण करतेय ते या तिसऱ्या आवृत्तीचं. खेळायला वीस बाजूंचा एकच फासा लागतो. बाकीचे आकार, पिशवीभर रंगीत फासे, काही लागत नाही. घरात चार माणसं बसवायची तर हे सोयीचं पडतं.

आता मुख्य नियम. प्रत्येक हीरोला खर्च करायला पॉवर पॉइंट मिळतात आणि सगळ्या गटाला मिळून एक पॉवर लेव्हल असते. नेहमीची लेव्हल १०, आणि तिच्याबरोबर प्रत्येकी १५० पॉइंट. पॉइंटांतून तुम्ही काय विकत घ्याल ते तुमच्यावर. शक्ती, कौशल्यं, उडणं, पाण्याखाली श्वास घेणं, घरचा रोबो, काहीही. पण लढाईतल्या आकड्यांवर पॉवर लेव्हलचं छप्पर आहे, आणि ते छप्पर एकेका आकड्यावर नसून दोन आकड्यांच्या बेरजेवर आहे. तुमचा नेम आणि तुमच्या फटक्याचा जोर यांची बेरीज लेव्हलच्या दुपटीपेक्षा जास्त होता कामा नये. लेव्हल १० असेल तर २०. तसंच चुकवण्याची चपळाई आणि अंगाचा टणकपणा यांची बेरीज २०. शरीराची चिवटाई आणि मनाचा निग्रह यांची बेरीजही २०. कौशल्याचा आकडा लेव्हल अधिक १०, म्हणजे इथे तोही २०.

या एका बेरजेत सगळं मर्म आहे. आमच्या टेबलावरचीच उदाहरणं घेते.

सहकाऱ्याचा हीरो 'काळकडा'. अंग बेसॉल्टचं. त्याचा जोर १४, नेम ६. टणकपणा १४, चपळाई ६. भाचीचा हीरो 'चकवा'. शक्ती नाही. दिवसा घड्याळं दुरुस्त करतो, रात्री छपरांवरून फिरतो. नेम १४, जोर ६. चपळाई १४, टणकपणा ६. मैत्रिणीची 'भरती' समुद्राचं पाणी हाताळते आणि तिचं सगळं मधलं, १० आणि १०. काकांचा 'मनकवडा' दुसऱ्याच्या मनात शिरतो. त्याच्याकडे नंतर येऊ.

आता समोर लेव्हल १०चाच एक मधला खलनायक उभा करा, नेम १० आणि जोर १०. हल्ला करताना फाशात नेम मिळवायचा आणि समोरच्याच्या चपळाईत १० मिळवून येणाऱ्या आकड्याला गाठायचं. लागला तर मार खाणाऱ्याने फाशात टणकपणा मिळवून १५ अधिक जोर, म्हणजे इथे २५, गाठायचे. जितकं कमी पडेल तितकी अवस्था वाईट. थोडक्याने कमी पडलं तरी पहिली पायरी, मग दर पाचाला आणखी एक. पहिल्या पायरीला पुढचे मार सोसतानाच्या बेरजेतून एक उणा होतो. दुसरीला भोवळ, तिसरीला लटपटणं, चौथीला आडवा.

काळकड्याला हा खलनायक शंभरातून ७५ वेळा मारतो, पण त्यातले निम्मे फटके दगडावर विरून जातात. म्हणजे एका हल्ल्यात काहीतरी इजा होण्याची शक्यता सुमारे साडेसदतीस टक्के. चकव्याला तो शंभरातून ३५ वेळाच गाठतो, पण गाठलं की दहातून नऊदा दुखापत ठरलेली. हिशेब साडेएकतीस टक्क्यांवर येतो. मधली भरती साडेअडतीसवर. तिघांचे आकडे इतके वेगळे असूनही धोका जवळपास सारखा निघतो, हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मला या नियमाबद्दल खरा आदर वाटला.

सारखा निघतो तो धोका. अनुभव मात्र सारखा नाही, आणि तेच हवं होतं. काळकडा एका साध्या फटक्यात आडवा होत नाही. त्याला उण्यावर उणे साठत जातात, तो झिजतो. भरतीही पहिल्या साध्या फटक्यात पडत नाही, फासाच तिथवर पोहोचत नाही. फाशावर थेट २० आला तर गोष्ट वेगळी, कारण मग गाठायचा आकडा पाचाने वाढवता येतो. चकव्याला मात्र लागलेल्या दर पाच फटक्यांतला एक सरळ झोपवू शकतो. म्हणजे हल्ल्यांच्या हिशेबाने सात टक्के. त्यामुळे भाची खेळताना श्वास रोखून खेळते आणि सहकारी छाती काढून खेळतो. एकाच बेरजेतून दोन स्वभाव तयार होतात.

हल्ला करण्याच्या बाजूने ही समता इतकी सुबक नाही, हे सांगितलं पाहिजे. मधल्या शत्रूवर जोर १४ आणि नेम ६ असलेला काळकडा एका हल्ल्यात तिसऱ्या पायरीपर्यंत किंवा त्याच्या पुढे पोहोचतो ते सुमारे १६ टक्के वेळा. मधली भरती सुमारे १४. नेम १४ आणि जोर ६ असलेला चकवा चार टक्क्यांच्याही खाली. बेरीज एक, पण वजनदार हाताला झुकतं माप. पुस्तकाने यावर इलाज दिलाय तो अ‍ॅडव्हांटेज नावाच्या छोट्या खरेद्यांत. पॉवर अटॅक नावाची एक अ‍ॅडव्हांटेज एका पॉइंटाला मिळते. ती घेतली की हल्ल्याच्या वेळी नेमातून पाचपर्यंत काढून जोरात टाकता येतात. चकवा मग नेम ९, जोर ११ ने मारू शकतो. नेम जास्त असलेल्या प्रत्येक हीरोने ही घ्यावीच. पुस्तकात ती इतर डझनावारी अ‍ॅडव्हांटेजमध्ये दडलेली आहे आणि नवा खेळाडू ती सहज ओलांडून जातो. जीएमने स्वतःहून दाखवून द्यावी.

शिवाय फुटकळ गुंडांसाठी वेगळा नियम आहे, त्यांना मिनियन म्हणतात. मिनियनला मार लागला आणि तो सोसण्यात कमी पडला, कितीही थोडक्याने, तरी तो आडवाच. इथे चकव्याचा अचूक नेम सोन्याचा ठरतो. काळकड्याचा प्रचंड ठोसा एका गुंडासाठी वाया जातो, चकवा तेवढ्यात दारातली माणसं साफ करतो. लढाईत दोन्ही प्रकारचे शत्रू ठेवायचे, एवढं पथ्य जीएमने पाळलं की टेबलावर कुणी हात बांधून बसत नाही.

या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट आहे जिच्यामुळे डोंगर उचलणारा आणि घड्याळजी एका टेबलावर बसूच शकतात. यातलं मोजमाप दुपटीने चालतं. रँक, म्हणजे शक्तीचा आकडा, एकाने वाढली की वजन, अंतर, वेळ दुप्पट. ताकदीची रँक १० म्हणजे २५ टन उचलणं. रँक १४ म्हणजे ४०० टन, अमेरिकन टन, आपल्या हिशेबाने सुमारे ३६३ मेट्रिक टन. आपल्या मेल-एक्स्प्रेसना लागणारं डब्ल्यूएपी-७ विद्युत इंजिन १२३ टनांचं असतं, म्हणजे काळकडा तशी दोन इंजिनं एकावर एक रचून सहज उचलेल. रँक १० वाल्यापेक्षा तो सोळापट ताकदवान आहे. पण फाशाच्या हिशेबात दोघांत फरक किती, तर चारचा. गोष्टीत सोळापट, फाशात चार. ही युक्ती या गेमने शोधलेली नाही, मेफेअर कंपनीच्या १९८५च्या डीसी हीरोंच्या गेममध्ये ती होतीच. पण बेरजेच्या छपराबरोबर ती इथे जशी जुळून आलीय तशी मी इतरत्र पाहिली नाही. सहकाऱ्याला कल्याणच्या यार्डात इंजिन उचलल्याचं पूर्ण सुख मिळतं आणि भाचीला त्याची किंमत मोजावी लागत नाही.

वेगाच्या बाबतीतही रचनाकाराने मन घट्ट केलंय. सुपरहीरोंच्या गेममध्ये वेगवान हीरोला एका फेरीत चार-चार हल्ले दिले की बाकीच्यांनी घरी जावं. इथे कितीही वेग घ्या, फेरीला एक मुख्य कृती आणि एक हालचाल. वेगवान माणूस फेरीत शहर ओलांडेल, रोजची कामं क्षणात उरकेल, पण ठोसा एकच. कुणाला हे रुक्ष वाटतं. मला हा पुस्तकातला सर्वांत न्यायी निर्णय वाटतो, कारण टेबलावर खरी दुर्मीळ वस्तू पाळी हीच आहे. एकाची पाळी दुप्पट झाली की तिघांची वाट पाहण्याची वेळ वाढते.

आता भोकं.

पहिलं भोक पॉइंटांच्या बाजूचं. लढाईच्या आकड्यांवर छप्पर आहे, पण १५० पॉइंटांनी काय-काय येतं यावर नाही. अ‍ॅरे नावाची एक सोय आहे. एक मोठी शक्ती घ्यायची आणि तिच्याच किमतीपर्यंतच्या दुसऱ्या शक्ती 'पर्याय' म्हणून एकेका पॉइंटाला जोडायच्या. अट एवढीच की एका वेळी एकच वापरता येते. भरतीने २० पॉइंटांना लांबून मारायचा पाण्याचा लोट घेतला आणि चार पॉइंटांत चार पर्याय जोडले. पाण्याची भिंत उभी करणं, पाण्याने वस्तू उचलणं, माणूस जखडणं, दाट धुकं. चोवीस पॉइंटांत शंभराचा माल. काळकड्याने ताकदीच्या चौदा रँकला २८ पॉइंट मोजले, त्यात त्याला ठोसा आणि उचलणं मिळालं, संपलं.

लढाईत हे खुपत नाही, कारण पाळीला एकच पर्याय चालतो. लढाईबाहेर फार खुपतं. बुडती बोट वाचवायचीय, भरती. इमारतीला आग लागलीय, भरती. कुणीतरी पळतंय, भरती जखडते. आमच्याकडे एक अख्खी दुपार अशी गेली की सहकारी शेवटी चहा करायला उठला आणि बराच वेळ आत थांबला. गुणधर्मांच्या किमतींतही अशीच विसंगती आहे. डेक्स्टेरिटी, म्हणजे हाताचं कसब, दर रँकला २ पॉइंट, पण लांबचा नेमच सुधारायचा असेल तर रेंज्ड अटॅक नावाची अ‍ॅडव्हांटेज एका पॉइंटाला तेच देते. ज्याला हिशेब जमतो तो १५० पॉइंटांत १८०चा हीरो करतो आणि ज्याला मनातलं चित्र जसंच्या तसं उतरवायचंय तो १२०चा. पुस्तक जीएमला सांगतं की प्रत्येक हीरो तपासा, नको ते नाकारा. सल्ला बरोबर आहे, पण तो नियमाचं काम माणसावर टाकतो. अ‍ॅरेला किती पर्याय चालतील याचा एखादा आकडा पुस्तकाने द्यायला हवा होता. आम्ही आमच्यापुरते तीन ठरवले. भरतीने धुकं सोडून दिलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

दुसरं भोक जास्त खोल आहे आणि ते काकांच्या मनकवड्यामुळे समोर आलं. अफ्लिक्शन नावाचा प्रकार आहे. मार देण्याऐवजी समोरच्याची अवस्था बदलायची. गुंगवायचं, बांधायचं, झोपवायचं, ताब्यात घ्यायचं. तो मनावर करायचा आणि पर्सेप्शन पल्ल्याचा घ्यायचा, म्हणजे दिसला की लागला. नेमाचा फासाच नाही. किंमत दर रँकला ३, दहा रँकला ३० पॉइंट. नेम नाही म्हणून छप्पर सरळ लेव्हलवर, १०. समोरच्याने फाशात मनाचा निग्रह मिळवून २० गाठायचे. तिसऱ्या पायरीला तो ताब्यात, आणि त्यातून सुटायला मिनिटभर तरी लागतं किंवा कुणाचा तरी उपचार. लढाईची फेरी सहा सेकंदांची आहे, तेव्हा मिनिट म्हणजे त्या लढाईपुरतं कायमचं.

आता काळकड्यासारखा कुणी धरा, निग्रह ६. पहिल्याच पाळीत, नेम न धरता, तो ताब्यात जाण्याची शक्यता २० टक्के. मारामारीच्या नियमाने इतकी काळजी घेतली की काळकडा किंवा भरती पहिल्या साध्या फटक्यात पडू नये, आणि शेजारच्याच पानावरचा नियम पाचातून एकदा पूर्ण माणूस उचलून नेतो. आमच्या मोहिमेतला मोठा खलनायक, ज्याच्यासाठी मी आठवडाभर तयारी केली होती, पहिल्या फेरीत काकांच्या ताब्यात गेला. काका संकोचले. म्हणाले, "ताई, मी परत टाकू का फासा?" त्यांना तसं वाटायला नको होतं. त्यांनी नियमाबाहेर काही केलं नव्हतं.

आम्ही यावर घरचा नियम केला. न चुकणारे, मनावरचे हल्ले रँक ८ वर थांबतात. निग्रह ६ असलेल्याला तिसऱ्या पायरीचा धोका मग २० वरून १० टक्क्यांवर येतो. मनकवडा तेवढाच भीतिदायक राहतो, फक्त त्याला दुसऱ्या कुणाची मदत लागते. हा आकडा मी कुणालाही बिनधास्त सुचवेन.

ही भोकं असूनही मी या गेमला पहिला क्रमांक देते तो हीरो पॉइंटांमुळे. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक मिळतो, शक्तीशी त्याचा संबंध नाही. त्याने फासा परत टाकता येतो, आणि परत टाकलेल्या फाशावर १ ते १० आलं तर त्यात १० मिळवायचे. म्हणजे किमान ११ हातात. वरचंच उदाहरण घ्या. ताब्यात जाणाऱ्या काळकड्याने हीरो पॉइंट लावला तर त्याची बेरीज १७च्या खाली जाऊच शकत नाही, आणि २० समोर १७ म्हणजे फार तर पहिली पायरी. एका पॉइंटात तो वाचला. पहिल्या फेरीच्या त्या धोक्याला गेमकडे स्वतःचं उत्तर आहे, फक्त ते हीरोंसाठी आहे. खलनायकाकडे हीरो पॉइंट नसतात. त्याला वाचवायचा तर जीएमने नियमावर हुकूम चालवायचा आणि त्याची भरपाई म्हणून खेळाडूंना हीरो पॉइंट द्यायचा. मला हा सौदा आवडतो. जीएमची मनमानी फुकट होत नाही, ती टेबलावरच्या सगळ्यांसमोर मोजून दिली जाते.

पुढचे हीरो पॉइंट कसे मिळतात, यात खरी समता आहे. प्रत्येक हीरोला कॉम्प्लिकेशन असतात, निदान दोन. एक त्याची प्रेरणा, दुसरं काहीतरी जे त्याला अडचणीत आणतं. नातं, गुपित, शत्रू, व्यसन, बदनामी. जीएमने ती अडचण गोष्टीत आणली आणि तिने हीरोला खरोखर अडवलं की हीरो पॉइंट. १९८१च्या 'चँपियन्स' या सुपरहीरोंच्या गेमपासून पॉइंटांवर हीरो घडवायच्या गेममध्ये अडचणी होत्या, पण तिथे त्या हीरो घडवतानाच पॉइंट देऊन टाकत. माणूस 'आंधळी आई' लिहून पॉइंट घेई आणि आई पुन्हा कधी दिसत नसे. इथे अडचण आली तरच मोबदला.

याचा परिणाम काय होतो ते गोदीतल्या लढाईत दिसलं. काळकड्याला गोष्टीत अडवणं कठीण असतं, तो भिंतीतून जातो. चकव्याला सगळंच अडवतं. त्याचे वडील हवालदार आहेत, त्यांना मुलाचं रात्रीचं काम माहीत नाही आणि त्या रात्री गेटवर त्यांचीच ड्यूटी होती. मी ते सांगताच भाचीचा चेहरा पडला. "आत्या, मी समोरून जाऊच शकत नाही." बरोबर, म्हणून हीरो पॉइंट घे. तिला मागच्या बाजूने, भिजलेल्या दोरखंडांवरून यावं लागलं, दोन फेऱ्या गेल्या. तोवर काळकडा खलनायकाच्या माऱ्याने लटपटायला लागला होता आणि भरतीच्या लोटांना खलनायकाचा टणकपणा दाद देत नव्हता. भाचीकडे तोवर साठलेले पॉइंट होते. एक लावून तिने दृश्यात भर घातली, तशी सोय नियमातच आहे. क्रेनच्या हुकाला अर्धवट उतरवलेला कंटेनर लटकतोय आणि त्याचा ब्रेक जुना आहे, असं तिने मांडलं. मला ते पटलं, मी होकार दिला. दुसरा पॉइंट तिने ब्रेकवरच्या फाशाला लावला. कंटेनर खाली आला. काळकड्याने तो खांद्यावर झेलला आणि खलनायकावर लोटला.

लढाई कोणी जिंकली यावर दोघांचं अजून एकमत नाही, आणि मला या गेमकडून नेमकं तेच हवं असतं. आकड्यांत समसमान असून कुणी विसरला गेला तर ती समता काय कामाची. कमी ताकदीच्या हीरोला जग जास्त अडवतं, जास्त अडवतं म्हणून त्याच्याकडे हीरो पॉइंट जास्त येतात, आणि त्या पॉइंटांनी तो गोष्ट वळवतो. पुस्तकाने हे कुठेही ठळक अक्षरांत लिहिलेलं नाही. कॉम्प्लिकेशनचं प्रकरण घाईने वाचणारा जीएम अर्धा गेम गमावतो. प्रत्येक बैठकीआधी सगळ्यांच्या अडचणी एका कागदावर लिहून समोर ठेवाव्यात आणि ज्याचा हीरो सर्वांत दणकट आहे त्याच्यासाठीही एक खरी अडचण शोधावी, नाहीतर तो कोरडा राहतो. काळकड्याला आम्ही दिली ती अशी, की त्याच्या पावलांनी रस्ते फुटतात आणि वॉर्डातले लोक त्याच्यावर चिडलेले आहेत.

इतर गेमशी थोडक्यात तुलना. टीएसआर कंपनीच्या १९८४च्या मार्व्हलच्या गेममध्ये हीरो फाशांनी ठरायचा, कुणाला देव निघे, कुणाला शिपाई, आणि कर्मा नावाचे पॉइंट तो फरक काही अंशी भरून काढत. खेळायला झटपट, मजेचा, पण नशिबावर फार. २०१६चा 'मास्क्स' हा किशोर हीरोंचा गेम ताकद मोजतच नाही. तिथे आकडे आहेत ते तुम्ही स्वतःला काय समजता याचे, आणि मार लागला की तुम्ही घाबरता, चिडता किंवा खचता. शक्तिहीन आणि महाशक्तिमान तिथे सहज एकत्र बसतात. भाचीला तो मनापासून आवडतो. पण ज्याला किती टन उचलले हे कळल्याशिवाय चैन पडत नाही, त्या माझ्या सहकाऱ्यासारख्याला तो पुरत नाही. मलाही नाही. मला आकडे हवेत आणि ते न्यायी हवेत.

घेण्याबद्दल. छापील पुस्तक बाहेरून मागवावं लागतं आणि टपालखर्च, कर धरून ते महाग पडतं, म्हणून मी पीडीएफ घेतली आणि हीरो घडवायची पानं छापून घेतली. नियमांचा मोठा भाग खुल्या परवान्याखाली वेबवर फुकट वाचता येतो, तेव्हा आधी तो वाचून मग पैसे घालावेत. इंग्रजी दाट आहे. अपवाद, सवलती, जोडशक्ती यांची प्रकरणं दोनदा वाचल्याशिवाय उलगडत नाहीत. काकांसाठी मी दोन पानी मराठी टिपण केलं आणि त्यावर ते छान खेळतात. हीरो घडवायला पहिल्यांदा एक अख्खी संध्याकाळ जाते. तेवढा धीर नसेल तर पुस्तकात तयार साचे दिले आहेत. पॉवरहाउस, क्राइम फायटर, स्पीडस्टर, सायकिक असे. त्यातले आकडे छपराखाली बसवलेलेच आहेत. नव्या टेबलाने पहिल्या दोन-तीन बैठका त्यांवरच काढाव्यात, अ‍ॅरेला तीन पर्यायांची आणि मनावरच्या हल्ल्याला आठची मर्यादा पहिल्या दिवसापासून लावावी, आणि स्वतःचे हीरो घडवायला त्यानंतर बसावं.